खारवलेली लिंबं: सगळा जीव सालीत

लिंबं मिठात मुरवायची म्हटलं की हात आपोआप रसाळ लिंबांकडे जातो. मी ती बाजूला ठेवली आणि साल बघून लिंबं निवडली. या प्रकारात शेवटी खायची असते ती साल. रस खारात उतरतो, गर बहुतेक वेळा काढून ठेवतात, आणि लिंबू पिळून झाल्यावर एरवी फेकली जाणारी साल मऊ, पारदर्शक, वासाची होऊन ताटात येते. हे मनाशी पक्कं झालं की कोणतं लिंबू घ्यायचं, कसं धुवायचं, किती चिरायचं, किती थांबायचं, हे सगळं सालीलाच विचारून ठरवता येतं.

निवडताना प्रत्येक लिंबू नखाने हलकंच दाबून बघितलं. पिवळ्या कांतीवर जे बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या असतात. चांगल्या लिंबात त्या गच्च भरलेल्या असतात; दाबल्या की फुटतात, बोटावर ओलसर चकाकी येते आणि वास थेट नाकात चढतो. या तेलात बहुतांश लिमोनीन असतं आणि ते चांगलंच ज्वालाग्राही आहे. सालीचा तुकडा ज्योतीजवळ धरून पिळला तर क्षणभर ठिणग्या उडतात. जे लिंबू दाबूनही बोटाला कोरडं लागलं, ते घेतलं नाही. शिळ्या लिंबाची साल टणक आणि चिवट होते, आणि तिच्यात नसलेला वास मीठ कुठून आणणार?

पिवळ्या थराखाली पांढरा थर. कडवटपणा आणि पेक्टिन दोन्ही मुख्यतः इथे. पेक्टिन म्हणजे मोरंबा, जॅम घट्ट करणारा पदार्थ. त्याची करामत पुढे बरणीत दिसतेच. हा पांढरा थर फार जाड असेल तर मिठाला आत शिरायला खूप वेळ लागतो, म्हणून फुगीर आणि हाताला हलकी लागणारी लिंबं टाळलेली बरी. कागदासारखी पातळ साल असेल तर ती लवकर मुरते, पण धुऊन गर काढला की हातात फार काही उरत नाही. मला मधली साल आवडते. मोरोक्कोत, जिथे ही लिंबं रोजच्या स्वयंपाकात आहेत, तिथे दोक्क नावाची लहान, गोल, पातळ सालीची, अतिशय सुगंधी लिंबं यासाठी नावाजलेली आहेत. ती मिळत नसतील तर आपल्याला मिळणाऱ्यांतली सर्वांत वासाची घ्यावीत, आकाराच्या मागे लागू नये.

साल खायची म्हणजे धुण्याला महत्त्व आलं. बाजारात येणाऱ्या बऱ्याच लिंबांवर मेणाचा पातळ हात दिलेला असतो. त्यामुळे ती चकाकतात आणि सुकत नाहीत. पुष्कळदा त्याखाली किंवा त्यातच बुरशीनाशकही असतं. रस काढायचा असेल तर हे चालून जातं, इथे नाही. शक्य असेल तर मेण न लावलेलीच घ्यावीत. माझ्याकडच्या लिंबांवर मेण होतं, म्हणून हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात ती थोडा वेळ ठेवली आणि मऊ ब्रशने एकेक करून घासली. फार जोर लावला तर तेलाच्या पिशव्याच फुटतात, त्यामुळे घासायचं ते भांडं घासल्यासारखं नाही. मेण गेल्याचं बोटाला कळतं: गुळगुळीत निसटतेपणा जातो आणि सालीचा खरा खरखरीतपणा लागतो. मग पुसून कपड्यावर पसरून ठेवली. तेलातल्या लोणच्याइतकी पाण्याची भीती इथे नाही, तरी ओली लिंबं भरली की खार तेवढाच पातळ होतो.

चिरण्याची पद्धत साधी. देठाकडचा टणक भाग कापला, मग टोकाकडून उभी चीर दिली, पण बुडापर्यंत न नेता थोडं अंतर राखून थांबलो. लिंबू फिरवून दुसरी चीर. चार पाकळ्या उघडतात आणि खाली जोडलेल्या राहतात. सुट्या फोडी केल्या तरी मुरतात, आणि लवकर मुरतात. पण पाकळ्या जोडलेल्या असल्या की मीठ आत धरून राहतं, आणि महिन्याभराने बरणीतून अख्खं लिंबू बाहेर काढता येतं. वर दिसणाऱ्या बिया सुरीच्या टोकाने काढल्या. बियांत कडू द्रव्यं भरपूर असतात, त्यामुळे हा वेळ वाया जात नाही. सगळ्या निघत नाहीत. खोल गेलेल्यांच्या मागे लागून लिंबाचा लगदा करण्यात अर्थ नाही.

आता मीठ. मी आयोडीन नसलेलं, साधं, मध्यम जाडीचं मीठ घेतलं. बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून जे काही मिसळलेलं असतं त्याने खार गढूळ होतो. अगदी जाड खडे मात्र विरघळायला वेळ लावतात आणि पहिल्या दिवसांत तळाशी पडून राहतात. प्रमाण ठरवताना चमच्यांवर माझा भरवसा नाही. जाड मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांच्या वजनात बराच फरक असतो. म्हणून वजनाने: १ किलो लिंबांना १५० ग्रॅम मीठ, आणि वरून घालायच्या रसाच्या वजनावर पुन्हा त्याच हिशेबाने. पाण्यात मीठ विरघळायचीही सीमा असते, १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम. त्यापलीकडे घातलेलं मीठ तळाशी नुसतं बसून राहतं, लिंबाला त्याचा काही उपयोग नाही. मीठ फार कमी केलेल्या कृतीही वाचायला मिळतात. फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवायची असतील तर ठीक, बाहेर ठेवून महिनाभर मुरवायची असतील तर मी तो धोका पत्करत नाही.

मीठ भरण्याचं काम हातानेच करावं, फक्त हाताला कुठे कापलेलं नसावं. एकेक लिंबू तळहातावर उघडून पाकळ्यांच्या आत मीठ दाबलं, बाहेरून सालीलाही चोळलं. चोळताना साल ओली होत जाते आणि मिठाचे कण पिवळे दिसायला लागतात, कारण तेल त्यांना चिकटतं. बरणीच्या तळाशी मिठाचा एक थर, त्यावर लिंबं, मग लाकडी दट्ट्याने घट्ट दाबणं. दाबायला संकोचू नये. लिंबू चेपलं, त्यातून रस आला, की जागा होते आणि पुढचं बसतं. भरून झाल्यावर बाजूला ठेवलेली ती रसाळ लिंबं कामाला आली: त्यांचा रस काढून, मीठ मिसळून, सगळं बुडेल इतका वरून ओतला. पाणी घालून पातळी वाढवण्याचा सल्लाही कुठे कुठे दिसतो. मला तो पटत नाही. पाण्याने मीठही पातळ होतं आणि आंबटपणाही, आणि ही लिंबं टिकतात ती नेमकी त्या दोघांच्या जोरावर.

बरणी रुंद तोंडाची, काचेची. धातूचं झाकण असेल तर मीठ आणि आम्ल मिळून ते खातात, गंज खारात उतरतो. माझ्या बरणीचं झाकण प्लास्टिकचं आहे. धातूचंच असेल तर मध्ये बटर पेपरचा तुकडा घालावा. तमालपत्र, धने, दालचिनी, सुकी मिरची असं काय काय घालणारे लोक आहेत. पहिल्या बरणीत काहीही घालू नये असं माझं ठाम मत आहे. लिंबाची साल एकटी मुरली की कशी लागते हे आधी जिभेला कळू द्यावं. दालचिनीचा वास एकदा खारात शिरला की तो काढता येत नाही.

पुढचे काही दिवस सगळ्यांत महत्त्वाचे. मीठ सालीतल्या पेशींमधलं पाणी ओढून घेतं. बाहेर मिठाचं प्रमाण जास्त, आत कमी, म्हणून पाणी बाहेर येतं आणि मीठ हळूहळू आत जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर रसाची पातळी वर आली होती आणि लिंबं खाली बसायच्या ऐवजी तरंगत होती. वर डोकावणारी साल हीच या प्रक्रियेतली कच्ची जागा. लिंबाच्या रसाचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, २ ते ३ च्या दरम्यान असतो; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. घरी टिकवलेल्या पदार्थांत ज्याची सर्वांत जास्त धास्ती असते तो बोटुलिनमचा जीवाणू ४.६ च्या खाली वाढू शकत नाही, त्यामुळे खाराच्या आत चिंता नाही. पण काही यीस्ट आणि बुरशी आम्लालाही दाद देत नाहीत, मिठालाही बऱ्यापैकी तोंड देतात. त्यांना लागते हवा. म्हणजे लिंबू बुडालेलं आहे तोवर सुरक्षित, वर आलं की उघडं पडलं.

म्हणून रोज बरणी उघडून स्वच्छ, कोरड्या चमच्याने लिंबं खाली दाबायची, झाकण घट्ट लावून बरणी एकदा उलटी करून सरळ ठेवायची, की तळाशी बसलेलं मीठही फिरतं. तरंगणं थांबत नव्हतं तेव्हा वजन ठेवलं. छोट्या जाड पिशवीत पाण्याऐवजी मिठाचं दाट पाणी भरून, गाठ मारून, ती लिंबांवर बसवली. पिशवी फुटलीच तर खार पातळ होत नाही, हा त्यातला फायदा. बरणीच्या तोंडाचा आकार कसाही असो, ती आपोआप त्यात बसते.

सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात. झाकण उघडताना हलका फुस्स आवाज आला तर घाबरू नये. यीस्टचं थोडंफार काम चालू असतं, म्हणून पहिल्या आठवड्यात रोज झाकण सैल करून वायू सोडावा. कोबीसारख्या भाज्या मिठात आंबवतात तेव्हा जीवाणू साखरेचं आम्ल करतात आणि आंबटपणा तिथून येतो. इथे आंबटपणा लिंबाचा स्वतःचाच आहे, आणि एवढ्या आम्लात, एवढ्या मिठात त्या जीवाणूंना फारसा वाव मिळत नाही. लिंबं मुरतात ती मुख्यतः मीठ, आम्ल आणि वेळ यांनी.

खारावर कधी पांढरट, सपाट, सायीसारखा पातळ पापुद्रा धरतो. तो यीस्टचा, चमच्याने काढून टाकावा, वर थोडा ताजा रस आणि मीठ घालावं. लोकरीसारखी, उभी वाढणारी, हिरवी-काळी-निळसर दिसणारी ती बुरशी. ती आली तर वरवर काढून बाकीचं वाचवायचा मोह धरू नये, अख्खी बरणी टाकावी. जुन्या बरणीत सालीवर पांढरे बारीक ठिपके दिसतात तेही लोकांना बुरशीसारखे वाटतात. ते बहुधा हेस्पेरिडिनचे स्फटिक असतात, लिंबातलंच एक द्रव्य गोठून बाहेर आलेलं. बोटांत चुरून बघितलं की फरक कळतो: स्फटिक बारीक रव्यासारखे कचकचतात, बुरशी चिकट फाटते.

मग थांबणं. या थांबण्याबद्दलचा एक फार जुना सल्ला मला आवडतो. १२ व्या शतकात कैरोत इब्न जुमै नावाचे वैद्य होते, सुलतान सलादिनच्या पदरी. त्यांनी लिंबावर एक छोटा प्रबंध लिहिला आणि त्यात मिठातल्या लिंबांची कृती दिली. पूर्ण पिकलेली पिवळी लिंबं घ्या, दोन भाग सुटे न करता चिरा, आत भरपूर बारीक मीठ भरा, रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ठेवून पूर्ण बुडतील इतका लिंबाचा रस ओता, तोंड मेणाने बंद करा, पंधरवडा उन्हात ठेवा आणि मग निदान ४० दिवस हलवू नका. त्याहून जास्त थांबलात तर चव आणि सुगंध आणखी खुलतील, असंही ते सांगतात. पाण्याऐवजी रस, काचेचं भांडं, पूर्ण बुडवणं: मी जे केलं त्यातलं जवळपास सगळं त्यांच्या चार ओळींत आहे. मेणाच्या झाकणाच्या जागी माझं प्लास्टिकचं, एवढाच काय तो फरक.

उन्हाचा मुद्दा मात्र तपासून बघावासा वाटला. त्याच लिंबांची एक छोटी बरणी रोज उन्हात ठेवली आणि मोठी बरणी कपाटात अंधारात. उन्हातली साल लवकर मऊ झाली यात शंका नाही, पण तिचा रंग तपकिरीकडे झुकला आणि वासात शिजवल्यासारखी झाक आली. कपाटातली हळू चालली आणि जास्त उजळ राहिली. मुरांब्याची खोल, दाट चव ज्यांना आवडते त्यांनी खुशाल उन्हात ठेवावं. मला सालीचा फुलासारखा वास हवा होता, म्हणून मी कपाटाच्या बाजूचा.

पहिल्या पंधरवड्यात मी अधूनमधून एक बारीक पट्टी कापून उजेडात धरून बघायचो. सुरुवातीला पांढरा थर खडूसारखा पांढराच दिसतो, उजेड अडवतो. मग पिवळ्या बाजूने आणि आतल्या बाजूने, दोन्हीकडून ओलसर काठ मध्याकडे सरकायला लागतात आणि मध्ये पांढऱ्या रंगाची एक रेघ उरते. ती रेघ दिवसागणिक बारीक होत जाते. ती पूर्ण गेली, पट्टी काचेच्या तुकड्यासारखी आरपार दिसायला लागली, की लिंबू मुरलं. कॅलेंडरपेक्षा ही खूण जास्त विश्वासाची आहे. पातळ सालीला तीन-चार आठवडे पुरतात, जाड सालीला दीड-दोन महिनेही लागतात. हवा थंड असेल तर आणखी.

त्याच काळात खारही बदलतो. पहिल्यांदा पाण्यासारखा असतो, मग चमच्यावरून संथ उतरायला लागतो, आणि शेवटी मधासारखा नाही तरी पातळ पाकाइतका दाट होतो. हे त्या पांढऱ्या थरातलं पेक्टिन. खार दाट झाला म्हणजे काही बिघडलं असं वाटणारे लोक मी पाहिले आहेत. उलट तो चांगला मुरल्याचा पुरावा आहे. वासही ताज्या लिंबाचा राहत नाही. ताज्या लिंबाच्या वासातला झणझणीतपणा मुख्यतः सिट्रालचा, आणि सिट्राल आम्लात हळूहळू मोडत जातं. वरचा चरचरीत वास उतरला की खाली दडलेला गोडसर, किंचित औषधी, फुलांच्या बाजूचा वास पुढे येतो. कडूपणाचं म्हणाल तर काही खारात उतरतो, आणि जो सालीत राहतो त्याला मीठ जिभेवर दाबून टाकतं. मीठ कडू चव मंद करतं, म्हणून तर कडू काकडीवर मीठ चोळतात. कडवटपणा पूर्ण जात नाही आणि जाऊही नये. तोच या सालीला नुसत्या आंबट-खारट गोष्टीपेक्षा वेगळी ठेवतो.

वापरताना लिंबू काढून वाहत्या पाण्याखाली झटपट धुतलं, गर बोटाने सोडवला, साल बारीक पट्ट्यांत चिरली. सुरी न अडखळता जाते, लोण्यातून जावी तशी नाही, मऊ चामड्यातून जावी तशी. पदार्थात ती शेवटीच घालावी. फार शिजवली तर वास उडतो. आणि पदार्थातलं मीठ आधीच कमी ठेवावं. साल कितीही धुतली तरी खारट राहते, रक्तदाब असलेल्यांनी हे लक्षात ठेवूनच खावी. मोरोक्कोत ही साल कोंबडी आणि ऑलिव्हबरोबर ताजीनमध्ये, म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेल्या रश्श्यात जाते. व्हिएतनाममध्ये अख्खं खारवलेलं लिंबू पेल्यात चेचून, साखर आणि बर्फ घालून पितात. मी पहिल्यांदा नुसत्या उकडलेल्या बटाट्यांवर घातली, तेलाच्या चार थेंबांबरोबर, कारण फिक्या पदार्थावर सालीचं सगळं बोलणं ऐकू येतं. मग माशावर, दह्यात, मऊ लोण्यात कालवून. गरही टाकायची गरज नाही. बिया काढून वाटला आणि मॅरिनेडमध्ये, म्हणजे शिजवण्याआधी लावून ठेवायच्या मसाल्यात घातला की मीठ आणि आंबट दोन्हींचं काम होतं.

मुरल्यावर बरणी फ्रिजमध्ये ठेवली. तिथे ती वर्षभर सहज राहते, फक्त ओला चमचा घालू नये आणि वरचं लिंबू खाराबाहेर येऊ देऊ नये. लिंबं संपत आली की खार उरतो, आणि तो फेकण्यासारखा नाही. चमचाभर सॅलडवर घालावा, किंवा त्याच खारात नवी लिंबं चिरून बसवावीत. नव्या लिंबांसाठी मीठ मात्र पुन्हा वजन करून घालावं लागतं. जुन्या खारातलं बरंच मीठ आधीच्या सालींबरोबर निघून गेलेलं असतं, आणि नवी लिंबं स्वतःचं पाणी सोडून उरलेला खार आणखी पातळ करतात.